साहित्य, कृती आणि शेष

१

मराठी माध्यमातून शालेय शिक्षण घेतलेल्या कोणाही व्यक्तीच्या परिचयाच्या दोन वह्या असतात. एक घरातली, आई-आजीच्या हस्ताक्षरातली पाककृतींची वही. दुसरी शाळेतली, विज्ञानाच्या प्रयोगांची. या दोन वह्यांची जगे परस्परांपासून कितीही दूर असली, तरी त्यांचे मथळे मात्र एकच आहेत : 'साहित्य' आणि 'कृती'. मराठीच्या परिसरात वावरताना या योगायोगाकडे लक्ष जाण्याचे कारण नाही. परंतु अन्य भाषकांच्या सहवासात अध्यापन करू लागल्यावर ते जाते. 'साहित्य : परीक्षानळी, चंचुपात्र, विरल हायड्रोक्लोरिक अम्ल' हे वाक्य हिंदी भाषक सहकाऱ्याला वाचून दाखवले की तो हसतो, कारण त्याच्या भाषेत या ठिकाणी 'सामग्री' येते, बंगालीत 'उपकरण' येते आणि 'साहित्य' हा शब्द या दोन्ही भाषांत वाङ्मयासाठीच राखून ठेवलेला आहे. मराठीने मात्र 'सहित' या मूळ शब्दाचा अर्थ दोन्ही अंगांनी जिवंत ठेवला. ज्या वस्तू एकत्र आल्या असता काही नवे घडते, ते साहित्य. मग त्या वस्तू शब्द आणि अर्थ असोत, डाळ आणि गूळ असोत की धातू आणि अम्ल असोत.

प्रस्तुत लेखक तौलनिक साहित्याचा अभ्यासक आहे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांविषयी त्याने काही लिहावे हे अनधिकार चेष्टेसारखे वाटण्याचा संभव आहे. तथापि प्रयोगवही हीदेखील एक संहिता आहे आणि संहितेची रचना कशी आहे, ती कोठे सुरू होते, कोठे थांबते आणि काय वगळते, हे पाहणे हा साहित्याच्या अभ्यासकाचा व्यवसायच होय. या दृष्टीने पाहिले असता प्रयोगवहीत एक गोष्ट ठळकपणे जाणवते. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान या पाच मथळ्यांत सगळा प्रयोग सामावला, असे आपण मानतो. महाविद्यालयात या वहीला 'जर्नल' म्हणतात, मथळे बहुधा इंग्रजी होतात, आकडेमोडीची भर पडते. पण शेवट तोच राहतो. अनुमान लिहिले, खाली शिक्षकांची सही झाली, की प्रयोग संपला. साहित्यातून घेतलेल्या वस्तूंचे पुढे काय झाले, याला त्या वहीत जागा नाही.

पाककृतीच्या वहीतही ती नसते, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. परंतु स्वयंपाकघरात उरलेल्या वस्तूंचे शास्त्र वहीबाहेर, हाताखाली वावरताना शिकवले जाते. रात्रीच्या भाताचा सकाळी फोडणीचा भात होतो, शिळ्या पोळीचा कुस्करा होतो, आंबट झालेल्या ताकाची कढी होते. आणि मुळात किती माणसे जेवणार हे विचारल्यावाचून कोणी तांदूळ मोजत नाही. प्रयोगशाळेत असे वहीबाहेरचे शिक्षण नाहीच, असे नव्हे. तेथेही ते आहे, पण ते अगदी उलट आहे. उरलेले सिंकमध्ये ओतावे आणि नळ सोडावा, एवढेच ते शिक्षण.

२

काही काळापूर्वी ज्या विद्यापीठात अभ्यागत म्हणून अध्यापन करीत होतो, तेथे माझ्या खोलीची खिडकी रसायनशास्त्र विभागाच्या मागल्या बाजूस उघडत असे. आठवड्यातील ठरावीक दिवशी दुपारी सडक्या अंड्यांचा वास येई. हायड्रोजन सल्फाइड वायूचा तो वास शाळेपासून ओळखीचा होता, त्यामुळे त्यात नवल नव्हते. नवल वाटले ते त्या वासाच्या दिवसानंतर गल्लीतल्या उघड्या गटारात दिसणाऱ्या रंगांचे. एके दिवशी कुतूहलापोटी प्रयोगशाळेत गेलो. वर्ग सुटलेला होता. अनेक वर्षे नोकरी केलेला एक परिचर काचेची भांडी आवरत होता. त्याने सिंकखालचा नळ दाखवला. तो अम्लाने खाल्ला जातो व काही वर्षांनी बदलावाच लागतो, असे त्याने सांगितले. नळ बदलायला येणारी माणसे कंत्राटदाराची असतात. त्या नळातून काय गेलेले आहे हे त्यांना कोणी सांगत नाही, सांगण्यासारखा कागदही कोणापाशी नसतो. 'मी आपला त्यांना सांगतो की आधी अर्धा तास पाणी सोडा, मग हात घाला,' असे तो म्हणाला. त्या इमारतीत या विषयावर दिली जाणारी सुरक्षिततेची शिकवणूक बहुधा एवढीच होती, आणि ती देणारा माणूस अध्यापक नव्हता.

हा प्रसंग एका विद्यापीठाचा म्हणून सांगितलेला नाही. थोडी आकडेमोड केली तर तो कोणत्याही महाविद्यालयाचा असू शकतो, हे ध्यानात येईल. लोहाच्या अनुमापनाचा सर्वपरिचित प्रयोग घेऊ. मोहरच्या लवणाचे २५ मिलिलिटर द्रावण पिपेटने घ्यावयाचे आणि ब्युरेटमधून पोटॅशियम डायक्रोमेटचे द्रावण सोडून अंतिम बिंदू गाठावयाचा. एक कच्चे व तीन पक्की अशी चार वाचने धरली, तर प्रत्येक विद्यार्थ्याकडून सुमारे १०० मिलिलिटर डायक्रोमेट खर्च होते. ६० विद्यार्थ्यांच्या वर्गात ते ६ लिटर झाले. द्रावण एक-दशांश नॉर्मल असेल, तर त्यात सुमारे २९ ग्रॅम डायक्रोमेट आणि त्यात सुमारे १० ग्रॅम क्रोमियम. विक्रिया पूर्ण झालेल्या द्रावणातील क्रोमियम त्रिसंयुजी, म्हणजे तुलनेने सौम्य असते, हे मान्य केले पाहिजे. परंतु ब्युरेटमध्ये उरलेले, भांडे विसळताना गेलेले, आणि 'कमी पडायला नको' म्हणून जास्तीचे करून ठेवलेले द्रावण षट्संयुजी क्रोमियमचेच असते, आणि तेच कर्करोगास कारणीभूत ठरणारे आहे. काचेची भांडी धुण्यासाठी डायक्रोमेट आणि संहत सल्फ्यूरिक अम्ल यांचे जे मिश्रण जुन्या प्रयोगशाळांत वापरले जाई आणि काही ठिकाणी अद्याप वापरले जाते, त्याचा हिशेब यात धरलेलाच नाही.

हा एका वर्गाचा एक प्रयोग झाला. लवणांच्या गुणात्मक पृथक्करणात शिसे, तांबे, निकेल, कोबाल्ट, बेरियम असे धातू ओळीने येतात. अमोनियमच्या परीक्षेसाठी वापरले जाणारे नेसलरचे द्रावण पाऱ्याचे असते. कार्बनी रसायनशास्त्राच्या वर्गात विद्रावकांची भर पडते. यांपैकी धातूंच्या बाबतीत एक साधी गोष्ट आहे, जी रसायनशास्त्राच्या पहिल्या पाठात शिकवली जाते : मूलद्रव्य विक्रियेने नाहीसे होत नाही. शिशाचा साका पिवळा पडो, पांढरा पडो वा पुन्हा विरघळो, शिसे शिसेच राहते. सांडपाणी शुद्धीकरणाच्या केंद्रांत जीवाणूंच्या साहाय्याने सेंद्रिय घाण विघटित करता येते. धातूंचे विघटन होत नाही, ते पाण्यातून गाळात जातात, आणि तो गाळ खत म्हणून वापरला गेला तर शेतात जातात. लाव्हाझिएने १७८९ च्या आपल्या ग्रंथात वस्तुमानाच्या अक्षय्यतेचे तत्त्व स्पष्टपणे मांडले. ज्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर हे तत्त्व टांगलेले असते, त्याच प्रयोगशाळेत सिंकच्या जाळीखाली ते लागू नाही अशा समजुतीने आपण वागतो. ही विसंगती केवळ स्वच्छतेची नव्हे. ती त्या विषयाच्या अध्यापनातली विसंगती आहे.

आणि हे अज्ञानाने घडते, असेही म्हणता येत नाही. अनेक प्रयोगशाळांत एका कोपऱ्यात 'चांदीचा अवशेष' अशी चिठ्ठी लावलेली बाटली असते. सिल्व्हर नायट्रेट महाग असल्यामुळे क्लोराइडच्या अनुमापनातून मिळणारा चांदीचा साका तीत जमवला जातो आणि त्यातून चांदी परत मिळवली जाते. म्हणजे उरलेले वेगळे ठेवणे, त्याला नाव देणे, त्याची नोंद ठेवणे, हे सर्व आपल्याला येते. चांदीसाठी बाटली ठेवता येते तर शिशासाठी का नाही, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर एवढेच आहे की चांदी गेली तर नुकसान विभागाचे होते आणि शिसे गेले तर दुसऱ्या कोणाचे.

३

यावरचा उपाय शोधून काढावयाचा आहे, अशीही स्थिती नाही. उरलेल्याची विल्हेवाट हा प्रश्नाचा दुसरा भाग आहे. पहिला भाग मुळात कमी घेणे हा आहे, आणि कमी घेऊन अधिक जाणण्याची रसायनशास्त्राची स्वतःची अशी एक परंपरा आहे. ऑस्ट्रियातील फ्रिट्झ प्रेगल पित्तातील अम्लांचा अभ्यास करीत होता. हाती आलेला पदार्थ इतका थोडा होता की प्रचलित पद्धतीने त्याचे पृथक्करण करणे अशक्य होते. पुन्हा नव्याने ढीगभर कच्चा माल घेऊन बसण्याऐवजी त्याने पृथक्करणाची पद्धतच बदलली आणि ती काही मिलिग्रॅमवर आणून ठेवली. या कार्यासाठी त्याला १९२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडील कित्येक पिढ्या ज्या व्होगेलच्या ग्रंथावर पोसल्या, त्याच्या १९५४ च्या आवृत्तीच्या नावातच अर्धसूक्ष्म पृथक्करणाचा उल्लेख आहे. परीक्षानळी लहान करावी, द्रावण थेंबांनी मोजावे, गाळण्याऐवजी अपकेंद्री यंत्राने साका खाली बसवावा, अशी ती पद्धत. म्हणजे सत्तर वर्षांहून अधिक काळ ही गोष्ट आपल्या कपाटात आहे.

१९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत मेन राज्यातील बोडन महाविद्यालयात कार्बनी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील हवा हा चिंतेचा विषय झाला होता. वायुवीजनाची नवी व्यवस्था अतिशय खर्चाची होती. तेव्हा तेथील डेना मेयो व सॅम्युएल बुचर आणि मेरिमॅक महाविद्यालयातील रोनाल्ड पाइक यांनी हवा बदलण्याऐवजी प्रयोगाचा आकार बदलला. ग्रॅमच्या जागी मिलिग्रॅम आले. १९८६ मध्ये त्यांचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले आणि ही पद्धती अन्यत्र पसरली. हे श्रीमंत देशांचे चोचले आहेत, असे कोणी म्हणू नये म्हणून दुसरे उदाहरण देतो. जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठातील एका केंद्राने ज्या शाळांत प्रयोगशाळाच नव्हत्या अशा शाळांसाठी, लहान लहान खळग्यांच्या एका प्लॅस्टिकच्या तबकडीवर थेंबांनी करावयाचे प्रयोग सिद्ध केले, आणि युनेस्कोच्या साहाय्याने ते अनेक देशांत पोहोचले. तेथे सूक्ष्म प्रमाण ही चैन नव्हती. दारिद्र्यावर काढलेली ती तोड होती.

प्रमाण कमी करणे हा एक मार्ग. पदार्थ बदलणे हा दुसरा. पॉल अनास्टास आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे मांडली, त्यांतील पहिलेच असे आहे की निर्माण झालेल्या टाकाऊ पदार्थांवर उपचार करण्यापेक्षा ते निर्माण होऊ न देणे श्रेयस्कर. पदवीच्या वर्गात हे कसे उतरते याचे उदाहरण बेंझॉइनच्या प्रयोगात पाहता येते. बेंझाल्डिहाइडपासून बेंझॉइन करण्यासाठी पूर्वी सायनाइड वापरीत. तेच काम थायामिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, करू शकते. आपल्या केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने अशा प्रयोगांची एक पुस्तिका प्रसिद्ध केलेली आहे. तीत जुनी कृती आणि नवी कृती समोरासमोर दिलेल्या आहेत.

तिसरा मार्ग साखळीचा. अॅनिलिनपासून अॅसिटॅनिलाइड, त्यापासून ब्रोमोअॅसिटॅनिलाइड, त्यापासून ब्रोमोअॅनिलिन, हे तीन प्रयोग आपण तीन वेगळ्या दिवशी तीन वेगळ्या बाटल्यांतून सुरू करतो आणि तिन्हींचे उत्पादन परीक्षकाला दाखवून टाकून देतो. ते एकाच कथेचे तीन अध्याय आहेत. पहिल्याचे उत्पादन हे दुसऱ्याचे साहित्य आहे. काही देशांत शिकवल्या जाणाऱ्या एका प्रयोगमालिकेत तांब्याची तार घेऊन तिच्यापासून नायट्रेट, हायड्रॉक्साइड, ऑक्साइड, सल्फेट करीत करीत अखेरीस पुन्हा तांबे मिळवतात, आणि आरंभीच्या वजनाशी ते ताडून पाहतात. विद्यार्थ्याने किती तांबे हरवले, हेच त्या प्रयोगाचे अनुमान असते.

४

मग घोडे अडते कोठे? माझ्या मते ते परीक्षेपाशी अडते. आपली प्रात्यक्षिक परीक्षा विशिष्ट मापाच्या भांड्यांवर, विशिष्ट लवणांवर आणि विशिष्ट प्रकारच्या जर्नलवर उभी आहे. बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला ५० मिलिलिटरची ब्युरेट अपेक्षित असते. म्हणून वर्षभर तीच वापरली जाते. कार्बनी पदार्थाच्या सिद्धतेचे गुण उत्पादन किती मिळाले यावर दिले जातात. म्हणून विद्यार्थ्याला थोडे अधिक घेऊन सुरुवात करण्याचा मोह होतो. किती घेतले, किती उरले, उरलेल्याचे काय केले, याला गुण नाहीत. ज्याला गुण नाहीत ते शिकवले जात नाही, हा आपल्या शिक्षणव्यवस्थेचा अलिखित नियम भाषांच्या विभागांनाही चांगलाच परिचित आहे.

अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी मनावर घेतले तर प्रात्यक्षिके बदलतात, याचा पुरावा शेजारच्याच विभागात आहे. प्राणिशास्त्राच्या वर्गात बेडकाचे विच्छेदन हा कित्येक पिढ्यांचा जणू संस्कार होता. त्यावाचून प्राणिशास्त्र शिकताच येणार नाही, असे सांगणारे अनेक होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली, २०१४ मध्ये त्यापुढचे पाऊल उचलले, आणि प्रयोगवह्या बदलल्या. बेडकासाठी जे शक्य झाले ते बेडूक ज्या पाण्यात राहतो त्या पाण्यासाठी अशक्य का असावे?

आक्षेप आहेत आणि ते गंभीरपणे घेतले पाहिजेत. पहिला आक्षेप अचूकतेचा. लहान मापाने चूक वाढेल, असे म्हटले जाते. ५० मिलिलिटरच्या ब्युरेटवर ०·१ मिलिलिटरच्या खुणा असतात. २५ मिलिलिटर वाचताना अर्ध्या खुणेची चूक झाली तर ती शेकडा ०·२ होते. १० मिलिलिटरच्या, ०·०२ मिलिलिटरच्या खुणा असलेल्या ब्युरेटवर ५ मिलिलिटर वाचताना तशीच अर्ध्या खुणेची चूक झाली तर तीही शेकडा ०·२ होते. द्रावणही एक-दशांशाऐवजी एक-पन्नासांश नॉर्मल घेतले, तर वर दिलेल्या वर्गाचे २९ ग्रॅम डायक्रोमेट सुमारे १·२ ग्रॅमवर येते. अंतिम बिंदू ओळखताना अधिक लक्ष द्यावे लागेल, हे खरे. पण लक्ष द्यायला शिकवणे हेच तर प्रात्यक्षिकाचे प्रयोजन असते.

दुसरा आक्षेप खर्चाचा. नवी भांडी घ्यावी लागतील. घ्यावी लागतील, परंतु भांडी एकदा घ्यावी लागतात आणि रसायने दरवर्षी. शिवाय ब्युरेटच्या मानाने नळांचा आणि माणसांच्या हातांचा खर्च कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही, एवढ्यावरून तो नसतो असे होत नाही.

तिसरा आक्षेप हा की, कारखान्यांच्या सांडपाण्यापुढे महाविद्यालयाचे दहा ग्रॅम क्रोमियम म्हणजे काहीच नाही. १९७४ चा पाण्याच्या प्रदूषणाविषयीचा कायदा, १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, घातक कचऱ्याविषयीचे १९८९ चे व त्यानंतर २०१६ चे नियम, या सर्वांची दृष्टी प्रामुख्याने कारखान्याच्या फाटकाकडे आहे, हे समजण्यासारखे आहे. पण कारखाना चालवणारी माणसे कोठून येतात? ती याच सिंकपाशी उभी राहून शिकलेली असतात. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळमध्ये जे घडले, त्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांचे खापर शिक्षणावर फोडणे अन्यायाचे होईल. तरीही त्या टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट साठवलेले होते आणि ते अंतिम उत्पादन नसून मधल्या टप्प्यावरचा पदार्थ होते, ही वस्तुस्थिती विसरता येत नाही. इतके हवेच कशाला, हा प्रश्न विचारण्याची सवय कोठेतरी लागावी लागते. त्या कारखान्याच्या आवारात पडून राहिलेला सुमारे ३३७ टन कचरा जाळण्यासाठी पीथमपूरला हलवला गेला तो जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी. आणि तो आपल्याकडे नको म्हणून तेथील लोक रस्त्यावर आले. शेषाची नोंद वेळेवर झाली नाही, म्हणजे ती नंतर कोणाच्या नावावर पडते, याचे याहून ठळक उदाहरण आपल्या देशात शोधावे लागणार नाही.

चौथा मार्ग म्हणून आजकाल आभासी प्रयोगशाळेचे नाव घेतले जाते. पडद्यावर द्रावण ओतले तर कचरा होत नाही, हे निर्विवाद. पण पदार्थाचा वास, त्याचा जडपणा, साका बसायला लागणारा वेळ आणि हातून सांडण्याची भीती, यांवाचून रसायनशास्त्र शिकणे म्हणजे कवितेचा सारांश वाचून कविता शिकणे होय. पूर्वतयारीसाठी पडदा उपयोगी आहे. पर्याय म्हणून तो स्वीकारणे म्हणजे अन्न वाया जाते म्हणून स्वयंपाकच बंद करणे. आणि जेथे पदार्थच नाही तेथे त्याची जबाबदारी घ्यायलाही शिकता येत नाही.

५

म्हणून प्रस्तुत लेखकाची सूचना अगदी लहान आणि आपल्या व्यवसायाला साजेशी, म्हणजे मथळ्याविषयीची आहे. प्रयोगवहीत अनुमानानंतर 'शेष' असा आणखी एक मथळा असावा. त्याखाली विद्यार्थ्याने तीन गोष्टी लिहाव्यात : काय उरले, किती उरले, आणि ते कोठे गेले. 'कोठे गेले' या प्रश्नाला 'सिंकमध्ये' असे उत्तर लिहिण्याची मुभा असावी. पण ते लिहावे लागावे. सौम्य, उदासीन केलेल्या मिठाच्या पाण्याच्या बाबतीत ते योग्यच उत्तर असेल. शिशाच्या बाबतीत ते लिहिताना हात थबकेल. या मथळ्याला परीक्षेत गुण असावेत. षट्संयुजी क्रोमियमचे बायसल्फाइटने क्षपण करून चुन्याने त्याचा साका पाडणे हा स्वतःच पदवीच्या वर्गाला शोभेल असा प्रयोग आहे; तो अभ्यासक्रमात असावा आणि आधीच्या आठवड्याच्या उरलेल्या द्रावणावरच करावा. मथळा आला की प्रमाण आपोआप उतरू लागेल, असा माझा अंदाज आहे. कारण जे लिहून द्यावे लागते ते कमी असावे असे प्रत्येकालाच वाटते.

या नोंदीने विज्ञानाचे काही बिघडणार नाही. उलट, शेषाकडे पाहण्याने विज्ञानाचे भलेच झालेले आहे. हेन्री कॅव्हेंडिशने १७८५ मध्ये हवेतील नायट्रोजन विक्रियेने काढून टाकला, तेव्हा काही केल्या न जाणारा एक लहानसा बुडबुडा उरला. तो एकूणाच्या एकशेविसाव्या भागाहून अधिक नाही, असे त्याने लिहून ठेवले. त्याला त्याचा अर्थ लागला नाही, पण त्याने तो वगळला नाही. १८९४ मध्ये रॅले आणि रॅम्झी यांनी अरगॉनचा शोध लावला तेव्हा शंभर वर्षांपूर्वीच्या त्या नोंदीचा अर्थ उलगडला. आपल्याकडे प्रफुल्लचंद्र राय कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात पारा आणि विरल नायट्रिक अम्ल यांच्यापासून एक वेगळाच पदार्थ करू पाहत होते. भांड्यात पिवळे स्फटिक दिसले. ते अपेक्षित नव्हते, त्यांच्या कृतीत बसत नव्हते. त्यांनी ते बाजूला सारले नाहीत, आणि त्यातून मर्क्युरस नायट्राइटवरील त्यांचा १८९६ चा प्रसिद्ध निबंध सिद्ध झाला. अपेक्षित उत्पादनापलीकडे भांड्यात आणखी काय आहे, हे पाहणारा माणूसच शास्त्रज्ञ होतो. विद्यार्थ्याला आपण त्याच क्षणी नळ सोडायला सांगतो.

'विल्हेवाट' हा शब्द आज आपण नाहीसे करणे या अर्थी वापरतो. जुन्या मराठीत विल्हे लावणे म्हणजे ज्याला त्याला योग्य जागी लावणे, व्यवस्था करणे. शब्दाच्या अर्थात झालेली ही घसरण व्यवहारातल्या घसरणीचीच नोंद आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. नवा मथळा शब्दाला त्याचा जुना अर्थ परत देईल.

साहित्याचा अभ्यासक कोणत्याही संहितेविषयी अखेरीस एक प्रश्न विचारतो : ही कोणासाठी लिहिलेली आहे? प्रयोगवही आजवर परीक्षकासाठी लिहिली गेली. शेवटचे पान मात्र आणखी एका वाचकासाठी लिहिलेले असावे. सिंकखालचा नळ दुरुस्त करायला जो माणूस येईल, त्याच्यापुढे ते पान धरता आले पाहिजे. त्याला वाचता येत नसेल तर वाचून दाखवता आले पाहिजे. आणि ते ऐकल्यावर त्याने हात घालायचा की नाही, हे त्याला ठरवता आले पाहिजे.